रानातल्या जिवांचे गाऱ्हाणे

पुण्याहून बेळगावास जाणारा हमरस्ता कागल मागे टाकतो, दूधगंगेचा पूल ओलांडतो आणि कोगनोळीच्या शिवारात शिरतो. राज्य बदलल्याची जाणीव प्रवाशाला येथे होते ती पाट्यांवरील लिपीमुळे आणि नाक्यावरील पोलिसांमुळे, जमिनीमुळे नव्हे. तीच काळी माती, तोच ऊस, तीच तंबाखू, आणि घराघरांत तीच बोली. ह्या सरहद्दीवरचा एक शेतकरी काही वर्षांपूर्वी कागदांचे पुडके घेऊन आमच्याकडे आला. त्याच्या जमिनीचा एक तुकडा सरहद्दीच्या अलीकडे, दुसरा पलीकडे. रानडुकरांनी एकाच रात्री दोन्हीकडचे पीक उलथून टाकले होते. दोन तुकड्यांसाठी दोन राज्यांचे दोन अर्ज, दोन पंचनामे, दोन राजभाषा. एका कचेरीत तर त्याला ऐकवण्यात आले की, जनावरे पलीकडच्या राज्यातून आली असावीत. तेव्हा त्याने आम्हांस सरळच विचारले, "वकीलसाहेब, ही डुकरं नेमकी कुणाची?"

प्रश्न हसण्यावारी नेण्याजोगा नव्हता. १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्याचे ३९वे कलम असे सांगते की, वन्य प्राण्याची शिकार झाली, त्याला बेकायदा कोंडून ठेवले किंवा तो मेलेला आढळला, तर तो राज्य सरकारची मालमत्ता होतो. मोकळ्या रानात हिंडणाऱ्या जनावरावर मात्र मालकीहक्क असा कोणाचाच नाही. म्हणजे जिवंत आहे तोवर कोणाचे नाही, आणि मेले की सरकारचे! आम्ही हे शक्य तितक्या सोप्या भाषेत सांगितले. तो क्षणभर गप्प राहिला आणि म्हणाला, "मग जित्या डुकराचं गाऱ्हाणं कुणापुढं घालायचं?"

गाऱ्हाणे हा शब्द तो सहज बोलून गेला. आमच्या धंद्यात त्याचा अर्थ तक्रार एवढाच. परंतु ह्या मासिकाच्या वाचकांस हे सांगावयास नको की, घाट उतरून कोकणात व गोमंतकात गेले म्हणजे हाच शब्द देवळाच्या चौकात ऐकू येतो. मानकरी उभे राहतात, गुरव वा गावकर हात जोडून गावाच्या वतीने देवाला हाक घालतो, आणि पाऊसपाणी, गुरेवासरे, रोगराई आणि रानातले जनावर ह्या सगळ्यांविषयीचे गावाचे म्हणणे त्याच्या कानावर घालतो. रानातल्या जिवांविषयीचे गाऱ्हाणे पूर्वी कोणापुढे घातले जाई आणि पुढे ते तेथून कोठे गेले, एवढाच ह्या लेखाचा विषय.

दूधगंगा आणि वेदगंगा ज्या राधानगरी-भुदरगडच्या डोंगरांतून कोगनोळी-निपाणीकडे उतरतात, त्यांच्या पाठीशी कोकण आहे. ह्या साऱ्या पट्ट्यात ग्रामदेवतेच्या देवळाभोवती किंवा देवळापासून थोड्या अंतरावर एक रान राखलेले असे. कोठे त्यास देवराई म्हणत, कोठे देवरहाटी, गोमंतकात देवाची राय, आणि दक्षिणेस कोडगूत देवरकाडू. नियम गावोगाव निराळे. कोठे वाळके लाकूडही उचलायचे नाही, कोठे देवळाच्या दुरुस्तीपुरतेच झाड तोडायचे, कोठे आत जोडे घालून जायचे नाही. पण दोन गोष्टी बहुतेक ठिकाणी सारख्या असत. राईत कुऱ्हाड चालवायची नाही, आणि राईत शिरलेल्या जिवावर हत्यार उगारायचे नाही. अडचण पडली तर देवाला कौल लावायचा. उजवा कौल आला तर पुढे जायचे, नाही तर मुकाट्याने परतायचे.

टिपू सुलतान १७९९ साली पडल्यावर ईस्ट इंडिया कंपनीने फ्रान्सिस बुकॅनन नावाच्या वैद्याला म्हैसूर, कॅनरा व मलबार ह्या मुलखांची पाहणी करण्यास पाठविले. १८०१च्या आरंभी तो कारवारच्या बाजूस होता. त्याचा प्रवासवृत्तान्त १८०७ साली लंडनला तीन खंडांत छापला गेला. त्या भागातील रानांविषयी त्याने जे टिपून ठेवले आहे, त्याचा आशय असा : ही राने गावच्या देवांच्या मालकीची समजली जातात, गावचा वंशपरंपरागत गौडा हाच देवाचा पुजारीही असतो, आणि त्याच्या परवानगीवाचून झाड तोडता येत नाही, परवानगीबद्दल देव काही घेत नाही, परंतु ती न मागता तोडणाऱ्यावर त्याचा कोप होतो. येथवर ठीक. पुढे बुकॅननसाहेब शेरा मारतात की, सरकारने ह्या रानांवर हक्क सांगू नये म्हणून लोकांनी काढलेली ही एक युक्ती दिसते!

साहेबाने हे हिणवण्याकरिता लिहिले. वकिलाच्या नजरेने वाचले तर त्याने नकळत गावाचा मालकीहक्कच नोंदवून ठेवला आहे. सरकारपासून रान वाचविण्याची युक्ती होती असे घटकाभर धरून चालू. मग ती युक्ती फार जुनी, सर्वांना ठाऊक आणि गावाने एकमताने पाळलेली होती. आणि अशाच गोष्टीला कायद्यात रूढी म्हणतात. शिवाय देव मालक असू शकतो, हे इंग्रजांच्याच सर्वोच्च न्यायासनाने पुढे मान्य केले. प्रमथनाथ मलिक विरुद्ध प्रद्युम्नकुमार मलिक ह्या खटल्यात प्रिव्ही कौन्सिलने १९२५ साली देवमूर्ती ही कायद्याच्या दृष्टीने व्यक्ती आहे, तिला स्वतःचे हित आहे, असा निर्वाळा दिला. व्यक्ती खरी, पण कायमची अज्ञान. म्हणून तिच्या वतीने वहिवाटदाराने कारभार पाहायचा. आपल्या देवस्थानांचे विश्वस्त ह्याच तत्त्वावर आजही सह्या करतात. ह्याच न्यायाने पाहू गेल्यास राईत राहणारे साळिंदर, धनेश, नाग आणि खवल्यामांजर हे देवाच्या घरचे आश्रित होते, आणि गाव त्यांचा वहिवाटदार.

ह्याचा अर्थ जुना गाव अहिंसेचा पुतळा होता, असा कोणी करू नये. शिमग्याच्या सुमारास कोकणातल्या कितीतरी गावांत मिळून पारध निघे. रान उठवले जाई, डुक्कर मारले जाई, आणि त्याचे वाटे मानाप्रमाणे होत. परंतु ती पारधही गावाने ठरवलेल्या दिवशी, गावाने ठरवलेल्या रानात आणि देवाला सांगून निघे. कोणी उठला आणि बंदूक घेऊन गेला, असे नव्हते. मारण्याचा आणि राखण्याचा, दोन्ही निर्णय एकाच चौकात होत असत. पाण्यातल्या जिवांचीही तीच गोष्ट. शृंगेरीस तुंगेच्या घाटावर माणसाच्या हाताजवळ येणारे मोठाले मासे आपल्यापैकी अनेकांनी पाहिले असतील. महाड तालुक्यात काळ नदीच्या वाळणकोंडीतले मासे वरदायिनीचे म्हणून लोक पकडत नाहीत. मत्स्यशास्त्रज्ञांनी त्या कोंडीचा अभ्यास केला तेव्हा इतरत्र विरळ होत चाललेली महसीरची जात तेथे सुखाने नांदताना त्यांना आढळली.

देव आणि रान ह्यांचा हा संबंध किती घट्ट होता, हे गोमंतकाच्या इतिहासावरून उलट्या बाजूने सिद्ध होते. सोळाव्या शतकात पोर्तुगीजांनी तिसवाडी, बारदेस व साष्टी येथील देवळे पाडली, त्यांच्या जमिनी हिरावल्या, आणि आपल्या पूर्वजांनी देव पालखीत घालून नदीपलीकडे अंत्रुज महालात आणले. ती कथा ह्या पानांवर पुष्कळदा येऊन गेली आहे. तिची एक बाजू मात्र सहसा सांगितली जात नाही. आज गोव्यातल्या नावाजलेल्या देवराया पाहू गेल्यास त्या मुख्यतः सत्तरी, डिचोली, सांगे, काणकोण अशा नव्या काबिजादीच्या तालुक्यांत सापडतात. केरीची आजोबाची राय, बांबरची निरंकाराची राय ही त्यांपैकीच. जुन्या काबिजादीतून देव हलले आणि त्यांच्यामागे त्यांच्या रानातले आश्रितही पोरके झाले.

इंग्रजी मुलखात देऊळ कोणी पाडले नाही. तेथे कागद बदलला. १८६५ साली पहिला वनकायदा झाला, आणि तो अपुरा वाटून १८७८ साली दुसरा. ह्या मधल्या वर्षांत सरकारी अधिकाऱ्यांतच मोठा वाद माजला होता. बेडन-पॉवेल व त्याच्या मताच्या लोकांचे म्हणणे असे की, राजाने लेखी दिलेला नसेल तो हक्क हक्कच नव्हे; गावकऱ्यांचा रानातील वावर ही केवळ सवलत होय. वनखात्याचा पहिला मुख्य अधिकारी डीट्रिख ब्रांडिस हा जर्मन गृहस्थ. हिंदुस्थानभर फिरून त्याने देवराया डोळ्यांनी पाहिल्या होत्या. गावांसाठी स्वतंत्र ग्रामवने असावीत आणि लोकांच्या वहिवाटीला मान द्यावा, असा त्याचा आग्रह होता. मद्रासच्या महसूल मंडळानेही गावाचे हक्क असे बुडविण्यास कसून विरोध केला. शेवटी जय झाला तो पहिल्या पक्षाचा. ग्रामवनांचे एक प्रकरण कायद्यात राहिले, १९२७च्या कायद्यातही २८वे कलम म्हणून ते उतरले, आणि बहुतेक प्रांतांत ते कागदावरच वाळत पडले.

रानाची अशी वाटणी होत असताना रानातल्या जनावरांची निराळीच वाटणी झाली. वाघ, बिबटा, लांडगा मारून आणील त्यास सरकारी तिजोरीतून बक्षीस मिळू लागले. जो गाव वाघोबाच्या दगडाला शेंदूर लावीत होता, त्याच गावातल्या बंदूकवाल्याला वाघाच्या कातड्याबद्दल रोख पैसे मिळू लागले! आणि सांबर, गवा, काळवीट ही राजेरजवाड्यांच्या व साहेबांच्या शिकारीची जनावरे ठरली.

कोगनोळीच्या माणसाला हे दोन्ही प्रकार घरबसल्या पाहता येत होते, कारण येथली सरहद्द १९५६ साली प्रथम निर्माण झाली असे नाही. कोगनोळी चिकोडी तालुक्यातली, म्हणजे बेळगाव जिल्ह्यातली, म्हणजे खास इंग्रजी अंमलातली. आणि शेजारचे कागल हे कोल्हापूर दरबाराखालील जहागिरीचे गाव, राजर्षी शाहू महाराजांचे जन्मघराणे ज्या घाटग्यांचे त्यांचे. एकीकडे कलेक्टरचा हुकूम, दुसरीकडे दरबारचा. कोल्हापूरकरांनी चित्ते पाळून त्यांच्याकरवी काळविटांची शिकार करण्याचा षोक विसाव्या शतकातही टिकवला. देशी चित्ते मिळेनासे झाले तेव्हा ते आफ्रिकेतून आणवले. दाजीपूरचे रान गव्यांच्या शिकारीसाठी राखीव होते. राखीव होते म्हणूनच तेथील गवे वाचले, हेही न्यायाने म्हटले पाहिजे. १९५८ साली तेथेच गव्यांचे अभयारण्य झाले. पण राखण्याचे कारण राजाची हौस होती, गावाचा निर्णय नव्हे. १ नोव्हेंबर १९५६ रोजी राज्यपुनर्रचना झाली, कोगनोळी म्हैसूर राज्यात गेली, कागल मुंबई राज्यात राहिले. जुन्या रेघेवर नवी रेघ ओढली गेली, इतकेच.

स्वातंत्र्यानंतर मुंबई राज्याने १९५१ साली वन्य पशुपक्ष्यांच्या रक्षणाचा कायदा केला, आणि १९७२ साली साऱ्या देशाचा कायदा आला. तो अत्यंत आवश्यक होता. त्या वेळी तो आला नसता तर आज ह्या लेखात ज्यांची नावे येत आहेत त्यांतील निम्मे जीव चित्रांतूनच पाहावे लागले असते. परंतु त्याची घडण ही शिकाऱ्याला आवरण्याच्या हेतूने झाली होती. त्यात गाव हा एक तर संभाव्य गुन्हेगार होता, नाही तर नुकसानभरपाईचा अर्जदार. राखणारा गाव अशी कल्पनाच त्यात नव्हती. आणि वनखात्याचा जुना कुऱ्हाडीचा हिशेबही तितक्यात थांबलेला नव्हता. १९७०च्या सुमारास श्रीवर्धन तालुक्यातील गाणी गावच्या लोकांनी आपली काळकाईची राई तोडीसाठी आखली गेल्याचे पाहून पुण्याच्या वनस्पतिशास्त्रज्ञांकडे धाव घेतली. गावाचा ओढा त्या राईतून उगम पावत होता. वा. द. वर्तक आणि माधव गाडगीळ तेथे गेले, राई वाचली, आणि त्यातूनच महाराष्ट्रातील देवरायांच्या पद्धतशीर नोंदीला चालना मिळाली. १९७६ साली त्या दोघांनी पश्चिम घाटातील देवरायांवर लिहिलेला निबंध जगभर वाचला गेला. गाणीच्या लोकांनी गाऱ्हाणे घातले, पण देवीपुढे नव्हे, शास्त्रज्ञापुढे. कारण राईचा मालक कोण हे आता देवी ठरवत नव्हती.

येथे आपल्यातील पुष्कळांच्या मनात एक प्रश्न येईल. रूढी जर इतकी गुणी होती, तर तिला कायद्याने आडवे का यावे? ह्याचे उत्तर कोगनोळीहून फार दूर नसलेल्या एका गावाने दिले आहे, आणि ते आपल्याला सोयीचे नाही. सांगली जिल्ह्यातील बत्तीस शिराळा नागपंचमीसाठी देशभर प्रसिद्ध होते. गोरक्षनाथ महाजनांच्या दारी भिक्षेला आले, घरातली बाई मातीच्या नागाची पूजा करण्यात गुंतली होती, नाथांनी जिवंत नागाची पूजा करशील का असे विचारले, आणि मातीचा नाग डोलू लागला, अशी तेथील कथा. तेव्हापासून गावकरी पंचमीपूर्वी रानोमाळ हिंडून नाग धरीत, मडक्यांत ठेवीत, पंचमीला अंबाबाईच्या देवळी नेऊन पूजा करीत, मिरवीत, आणि नंतर जेथून आणला तेथे नेऊन सोडीत. नाग मारायचा नाही हा त्या गावचा दंडक. घरात नाग निघाला तर त्याला धरून रानात सोडणारी माणसे तेथे घरोघर होती. सर्पाची भीती ज्या गावात नाही असे गाव म्हणून शिराळ्याचे कौतुक योग्यच होते.

परंतु पुढे मंडळे झाली, चढाओढ लागली. सर्वांत लांब नाग कोणाचा, सर्वांत उंच फणा कोणाची! बघ्यांची गर्दी हजारांनी वाढली, नाग दिवसचे दिवस मडक्यात कोंडून राहू लागले, आणि दूध पिणे ज्याच्या प्रकृतीतच नाही त्या प्राण्याच्या तोंडाशी दूध नेले जाऊ लागले. १९७२चा कायदा नाग पकडण्यासही मनाई करतो. प्रकरण मुंबई उच्च न्यायालयात गेले, आणि न्यायालयाच्या आदेशांनंतर जिवंत नागांची पूजा व मिरवणूक थांबून प्रतिमेची पूजा सुरू झाली. गावाला हा घाव वर्मी लागला. आमची श्रद्धा आणि आमचे ज्ञान दोन्ही गुन्हा ठरले, असे तेथले लोक म्हणत राहिले. २०२५ साली केंद्र सरकारने सर्पविषयक शिक्षणाच्या व पारंपरिक ज्ञानाच्या प्रयोजनासाठी थोड्या दिवसांपुरती, मोजक्या लोकांना, नाग धरण्याची परवानगी दिली. पूजेची वा मिरवणुकीची नव्हे.

आमचे मत विचाराल तर न्यायालयाने केले ते बरोबर केले, आणि तरीही त्यात काही राहून गेले. शिराळ्याच्या रूढीत दोन धागे गुंतलेले होते. एक संयमाचा : नाग मारू नये, धरला तर जेथला तेथे सोडावा. दुसरा प्रदर्शनाचा. पहिला धागा राईतल्या न उगारलेल्या हत्याराच्या जातीचा आहे. दुसरा चित्ते पाळणाऱ्या दरबाराच्या जातीचा. कायद्याच्या हातात कात्री एकच होती. तिने दोन्ही धागे एकदम कापले. पहिला वेगळा काढून गावाच्या हाती परत देण्याचे काम न्यायालयाचे नव्हते. ते कायदे करणाऱ्यांचे होते, आणि गावातल्या शहाण्या माणसांचेही.

कायदे करणाऱ्यांना ह्याची आठवण उशिरा का होईना, झाली. २००२ साली जैविक विविधता कायदा आला, आणि त्याच वर्षीच्या दुरुस्तीने वन्यजीव कायद्यात दोन नवे प्रकार घातले गेले. ते २००३पासून अंमलात आहेत. एक संवर्धन राखीव, म्हणजे सरकारी जमिनीवर लोकांशी विचारविनिमय करून राखलेले क्षेत्र. दुसरा सामूहिक राखीव, म्हणजे गावाने किंवा एखाद्या मालकाने आपखुशीने देऊ केलेल्या खाजगी वा सामाईक जमिनीवरचे क्षेत्र. ह्या दुसऱ्याची व्यवस्थापन समिती पाहण्याजोगी आहे. तीत पंचायतीने नेमलेले किमान पाच सभासद, वनखात्याचा एकच; अध्यक्ष समितीने निवडायचा, आणि तोच त्या क्षेत्राचा मानद वन्यजीव रक्षक. जुन्या गावकराला सरकारी शिक्का मिळावा तसे हे आहे! मात्र एकदा अधिसूचना निघाली की, जमिनीचा वापर बदलण्यास समितीचा ठराव पुरत नाही, राज्य सरकारची मान्यता लागते. हे ऐकले की शेतकरी मागे सरतो; आणि त्याच्या जागी असतो तर आम्हीही दहा वेळा विचार केला असता.

कर्नाटकात ह्या तरतुदीचा लाभ झालेले गाव म्हणजे मंड्या जिल्ह्यातील कोक्करे बेळ्ळूर. गावाच्या नावातच कोक्करे, म्हणजे बगळ्या-बलाकांच्या जातीचे पक्षी, आहेत. झोळीवाले आणि चित्रबलाक तेथे रानात नव्हे, तर ऐन वस्तीत परसातल्या चिंचेच्या झाडांवर घरटी करतात. बाळंतपणाला आलेल्या माहेरवाशिणी म्हणून लोक त्यांना जपतात. विष्ठेचे खत शेताला होते तो भाग वेगळा. झाडावर पिल्ले असताना चिंचा उतरवता येत नाहीत, त्या नुकसानीबद्दल वनखाते झाडाच्या मालकाला मोबदला देते. २००७ साली ते गाव सामूहिक राखीव झाले. येथे कायद्याने नवे काही केले नाही. गाव करीतच होता त्याला नाव दिले, आणि चिंचेचे पैसे दिले.

रत्नागिरी जिल्ह्यातल्या वेळासची कथा ह्याहून वेगळी. हे नाना फडणविसांचे गाव. इतिहासाच्या पुस्तकांत ह्यापूर्वी त्याचे नाव येई ते तेवढ्यासाठीच. किनाऱ्यावर समुद्री कासवे अंडी घालीत आणि माणसे ती उकरून नेत. २००२ साली चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र ह्या संस्थेचे लोक तेथे गेले आणि त्यांनी एक व्यवहारी गोष्ट केली. वाळूत अंडी नेमकी कोठे पुरलेली असतात हे ज्यांना ठाऊक, त्यांनाच राखणीला घेतले. घरटी कुंपणात आणली, पिल्ले सागरात सोडली. पुढे ती पाहायला पाहुणे येऊ लागले, त्यांना उतरायला गावकऱ्यांनी आपली घरे दिली, आणि कासवांच्या मोसमात वेळासच्या चुलींना काम मिळाले. येथे देवराई नव्हती, कौल नव्हता. तरीही गाव राखणदार झाला, कारण राखण्याचे काम, त्याचे श्रेय आणि त्याची मिळकत ही तिन्ही गावात राहिली. २००६च्या वनहक्क कायद्याने तर ग्रामसभेला वन्यजीव व जैवविविधता राखण्याचा अधिकार स्पष्ट शब्दांत दिला, आणि २००९ साली गडचिरोलीच्या मेंढा-लेखाने सुमारे १,८०० हेक्टर रानावरचा सामूहिक हक्क मिळवून तो अंमलातही आणून दाखवला.

पण अधिकार पोचला नाही तेथे काय होते, हेही नजरेआड करू नये. सत्तरी तालुक्यात वाघ्रो म्हणून वाघाला देव मानून पूजतात. त्याच सत्तरीत, म्हादई अभयारण्यातल्या गोळावली येथे, जानेवारी २०२०मध्ये एक वाघीण आणि तिचे तीन बछडे विषाने मेलेले आढळले. वाघाने गुरे मारली होती, आणि ज्यांची गुरे गेली त्यांच्यावरच संशय आला. गुरांची भरपाई वेळेवर हाती पडली नाही, अशी चर्चा तेव्हा गोवाभर झाली. २०२३च्या जुलैत उच्च न्यायालयाच्या गोवा खंडपीठाने तेथे व्याघ्र प्रकल्प जाहीर करण्याचा आदेश दिला, आणि वाद सर्वोच्च न्यायालयात गेला. प्रकल्पाच्या बाजूने आणि विरुद्ध दोन्हीकडून पुष्कळ लिहिले गेले आहे. आम्हांला मात्र त्या विषाच्या घटकेचाच विचार पुनःपुन्हा येतो. ज्याच्या गोठ्यातले जनावर गेले, त्याला त्या रात्री गाऱ्हाणे घालायला वाघ्रोखेरीज कोण होते? आणि वाघ्रोपुढे वाघाचे गाऱ्हाणे घालायचे तरी कसे?

सरहद्दीने ही गुंतागुंत आणखी वाढते. २००२ साली कर्नाटकातून हत्ती दोडामार्गमार्गे सिंधुदुर्गात व पुढे कोल्हापूर जिल्ह्यात उतरले, तेव्हा ते कोणाचे आणि परत कोणी न्यायचे, ह्यावर वर्षानुवर्षे पत्रव्यवहार झाला. आमच्या पक्षकाराचा डुकरांविषयीचा प्रश्नच तो. फक्त जनावर मोठे.

ह्याच टापूतली एक बातमी मात्र मनाला उभारी देणारी आहे. आंबोलीस हिरण्यकेशीचे देऊळ आहे. हिरण्यकेशी म्हटल्यावर आपल्यातील काहींना आपली शाखा आठवेल. येथे नदी अभिप्रेत आहे. देवळातल्या गुहेतून तिचा उगम होतो आणि पाणी कुंडात येते. ह्या पाण्यात बोटाएवढाही नसलेला एक मासा शास्त्रज्ञांना सापडला, त्याची जात नवी ठरली, आणि २०२० साली नदीवरूनच तिचे शास्त्रीय नाव 'शिस्टुरा हिरण्यकेशी' असे ठेवण्यात आले. २०२१ साली महाराष्ट्र सरकारने देवळाभोवतीचे २.११ हेक्टर क्षेत्र जैविक विविधता कायद्याखाली वारसास्थळ म्हणून जाहीर केले. दोडामार्ग तालुक्यात हेवाळे-बांबर्डे येथे भालांडेश्वराच्या नावाने राखलेली जंगली जायफळीची दलदलीतली राईही अशीच वारसास्थळ झाली. कोणी संशोधक येण्याआधी किती पिढ्या त्या कुंडात जाळे पडले नाही, ह्याची गणती कोणी ठेवलेली नाही.

एवढे सारे त्या कुंडाच्या वाट्यास आले ते देऊळ होते म्हणून. आणि म्हणूनच आपल्या देवस्थानांच्या जीर्णोद्धाराच्या पत्रिका हाती येतात तेव्हा आमचा जीव धास्तावतो. कुंडाला फरशी, प्रदक्षिणेच्या वाटेला सिमेंट, वाहनतळासाठी राईच्या कडेचे पाच-पंचवीस वृक्ष. विश्वस्तांचा हेतू चांगला असतो, हिशेब चोख असतो. परंतु वहिवाटदाराने अज्ञानाची मालमत्ता कमी करावयाची तर न्यायालयाची परवानगी लागते, हे आम्ही धंद्यात रोज सांगतो. देवाच्या राईतल्या आश्रितांना हुसकताना कोणी कोणाची परवानगी मागितल्याचे आमच्या पाहण्यात नाही. पूर्वी निदान कौल तरी लावीत असत.

हिरण्यकेशी आंबोलीहून निघून आजरा, गडहिंग्लज करीत संकेश्वरास येते आणि पुढे घटप्रभेस मिळते. म्हणजे तिचे उगमस्थान महाराष्ट्राचे वारसास्थळ, आणि शेवट बेळगाव जिल्ह्यात. दोन्ही राज्यांतल्या ग्रामपंचायतींत जैवविविधता समित्या आहेत; कायद्याने त्या असाव्याच लागतात. राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाने ३१ जानेवारी २०२० ही मुदत घातली तेव्हा गावोगावच्या लोक-जैवविविधता नोंदवह्या घाईघाईने पुऱ्या करण्यात आल्या. त्यांपैकी काही आम्ही चाळल्या. एका नोंदवहीत रानडुक्कर 'उपद्रवी' ह्या सदराखाली होते. दुसरीत ते नव्हतेच. एका नदीकाठच्या, पण दोन राज्यांतल्या गावांनी एकत्र बसून एकच नोंदवही करावी, अशी सोय नियमांत आम्हांला आढळली नाही. अशी बैठक करण्यास मनाईही मात्र नाही.

कोगनोळीच्या त्या शेतकऱ्याचा एक अर्ज मंजूर झाला. दुसऱ्यावर कागदपत्रांची पूर्तता करावी असा शेरा येऊन तो परत आला. त्याने ती पूर्तता केली नाही. भुईमूग पोसवला की तो आणि सरहद्दीपलीकडचे त्याचे भाऊबंद आता पाळ्या लावून रात्रीचे राखणीस बसतात. एक रात्र ह्या राज्यातल्या माळ्यावर, एक रात्र त्या राज्यातल्या. डुकरे येतात, डब्यांचा आवाज ऐकून नदीच्या बाजूस वळतात. मागल्या हंगामात नुकसान किती झाले असे विचारले, तेव्हा तो म्हणाला, "झालं थोडं. त्यांचा वाटा म्हणायचा."